डेट्रॉइटची प्रायमरी: ठाणेदारांना या वेळी जड जाणार?

मुक्काम_ट्रॉय
मिशिगनच्या १३व्या मतदारसंघात (डेट्रॉइटचा बराच भाग यात येतो) डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, ४ ऑगस्ट २०२६ ला आहे. श्री ठाणेदार विद्यमान खासदार, समोर डोनावन मॅककिनी, राज्याच्या विधानसभेतले तरुण आमदार. सिनेटर बर्नी सँडर्स आणि मिशिगनच्याच खासदार रशिदा तलैब यांनी मॅककिनींना पाठिंबा दिलाय, जस्टिस डेमोक्रॅट्स हा डाव्या विचारांचा गटही पाठीशी आहे. शिवाय ठाणेदारांचे दुसरे प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलिअर ही शर्यत सोडून राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (निवडणुकांचं काम बघणाऱ्या) पदाकडे वळले. माझ्या मते खरा फरक तिथे पडलाय. २०२२ मध्ये नऊ जण रिंगणात होते आणि ठाणेदार साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, सर्वात जास्त मतं ज्याला तो पुढे. विरोधातली मतं एका जागी आली की २८ टक्क्यांत भागत नाही. आपल्या ग्रुपांवर मात्र नुसतं "आपला माणूस, आपला माणूस".

बेळगावचा_कुंदा
मग म्हणणारच की ओ! बेळगावात वाढलेला पोरगा १९७९ ला अमेरिकेला जातो, केमिस्ट्रीत पीएचडी करतो, धंदा उभारतो, बुडतो, परत उभा राहतो आणि खासदार होतो. कौतुक नको करायला? आणि ती २८ टक्क्यांची टेप किती दिवस वाजवणार? २०२४ ला निम्म्याहून जास्त मतं घेतली. २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात पहिले होते. सँडर्स येऊन सभा घेतील नि जातील.

मुक्काम_ट्रॉय
२०२४ चं अर्धंच सांगितलंत. हॉलिअर मतपत्रिकेवरच नव्हते. १,००० वैध सह्या लागतात, त्यांच्या कमी भरल्या, अर्ज बाद. तगडा गडी बाहेर बसलेला असताना जिंकलेली कुस्ती आहे ती.

हिशेबनीस
दोघंही हवेबद्दल बोलताय, तारखा कुणी बघत नाही. मिशिगनमध्ये टपाली मतपत्रिका मतदानाच्या ४० दिवस आधीपासून मिळतात, कारण द्यावं लागत नाही. एकदा नाव नोंदवलं की दर निवडणुकीला आपोआप घरी येते. ऑगस्टच्या प्रायमरीला नेमाने मत देणारे बरेचसे वयस्कर, त्यातले कितीतरी जण जुलैतच लिफाफा बंद करून पाठवतात. म्हणजे मॅककिनींची हवा जूनअखेर या घरांत पोचायला हवी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गर्दीची सभा फोटोपुरती. ठाणेदारांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर रस्त्यारस्त्यावर फलक आणि घरोघरी पत्रकं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खिशातले एक कोटीहून जास्त डॉलर ओतले होते. मॅककिनी कॉर्पोरेट पॅकचा (कंपन्यांच्या राजकीय निधीचा) पैसा घेत नाहीत. तत्त्व छान, पण फलकाचं भाडं तत्त्वाने भरत नाहीत.

डाऊनरिव्हर_वाली
मी या मतदारसंघात राहते, म्हणून लिहिते. डेट्रॉइटमध्ये चारातले तीन जण कृष्णवर्णीय. १९५५ पासून काँग्रेसमध्ये शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी असायचा, ती साखळी ठाणेदारांच्या विजयाने तुटली. आमच्या गल्लीतल्या आजीबाईंना त्यांच्याबद्दल राग नाही, "तो बोर्डवाला" म्हणतात. पण मॅककिनी इथेच वाढलेला. स्थानिक माणूस हवा, हे निदान मराठी माणसाला तरी समजावून सांगावं लागू नये!

राहता राहिला महाभियोग. २०२५ मध्ये ठाणेदारांनी ट्रम्पविरुद्ध सात कलमं मांडली, मतदान घ्यायला लावणार म्हणून गाजावाजा केला आणि आयत्या वेळी माघार. स्वपक्षीयच वैतागले होते. मला तरी ते प्रायमरी डोळ्यासमोर ठेवून केलेलं वाटलं.

बेळगावचा_कुंदा
मांडली तरी! बाकीच्यांनी काय केलं? आणि स्थानिकचं म्हणाल तर २०१८ ला डेट्रॉइटवाल्यांनीच त्यांना पहिलं ठेवलं होतं, तेव्हा ते अ‍ॅन आर्बरचे होते. लोकांना कळतंय की कोण कामाचा.

डाऊनरिव्हर_वाली
तेव्हा गव्हर्नर निवडायचा होता हो, अख्ख्या राज्याचा. आणि तुम्ही सगळे ट्रॉय, नोवाय, कँटन अशा उपनगरांतले, तुमच्यातल्या एकाचंही मत १३ मध्ये नाही.

बेळगावचा_कुंदा
मत नसलं तरी देणगी देता येते की.

हिशेबनीस
नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले असाल तर द्या. एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्यांनी हात आवरावा, कायद्याने बंदी आहे. पण ठाणेदारांना पैशांची चणचण आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?