धारण तलाव म्हणजे जंगल नव्हे

तळमजला
पावसाचं पाणी साठवायला खाडीकाठी केलेल्या धारण तलावांबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं, "धारण तलावातली खारफुटी ही नवी मुंबईची फुफ्फुसं आहेत. घरात पाणी येण्याची भीती असेल त्यांनी वरचा मजला घ्यावा." खाली बदामांचा पाऊस. अहो, वरचा मजला परवडला असता तर १९९४ साली सिडकोचं तळमजल्याचं घर कशाला घेतलं असतं?

गेल्या पावसाळ्यात अमावास्येच्या रात्री साडेबाराला मोरीच्या जाळीतून आधी बुडबुडे आले, मग झुरळं, मग पाणी. पाऊस तासाभरापूर्वीच थांबला होता. आईला पलंगावर बसवलं, पलंगाखाली विटा सरकवल्या आणि फ्रीज ओट्यावर चढवताना माझी कंबर गेली.

हे पाणी आभाळातलं नाही, खाडीचं. आपले सखल सेक्टर भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून सिडकोने डच पद्धत आणली: नाले तलावात, तलावाच्या तोंडाशी झडपा. भरतीला झडपा मिटायच्या, पावसाचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला आपोआप बाहेर. झडपा गंजल्या की भरती बिनधास्त आत येते. तिच्याबरोबर गाळ, गाळाबरोबर तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, बिया. वर्षानुवर्षं गाळ काढला नाही म्हणून ते जंगल उभं राहिलं. तळ वर आलाय, पाणी मावणार कुठे? गाळ काढा, आतली झाडं काढा. फुफ्फुसं म्हणे!

खाडीवेडी
ती पोस्ट माझी. वरच्या मजल्याचं वाक्य जरा जास्त झालं, मान्य. बाकी शब्दही मागे घेणार नाही.

"फक्त आतली काढू" हे ऐकून केस पिकले माझे. नेरूळच्या फ्लेमिंगो तलावाला कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. जेट्टीच्या रस्त्याखाली भरतीची वाट बुजली आणि तलाव सुकला. २०२४ च्या उन्हाळ्यात मेलेले फ्लेमिंगो उचलताना मी तिथे होते. एकाची मान माझ्या मनगटावर लोंबत होती, गुलाबी पिसांना डांबरट चिखल. मग किती आरडाओरडा केला तेव्हा २०२५ मध्ये संवर्धन राखीव म्हणून मान्यता मिळाली. आज तुम्हाला गाळ काढू दिला, तर उद्या "पाणथळ उरलीच नाही" म्हणून तिथे टॉवर.

आणि उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरं तोडायला सरसकट बंदी घातली असली तरी सार्वजनिक कामासाठी परवानगी मागता येते. मागा की! पण आपल्याकडे आधी पोकलेन येतो आणि मग अर्ज.

सेक्टर_आठ
दोघांनाही नमस्कार. डासांबद्दल कुणी बोलेल का? संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडता येत नाही. चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे बसवायला पैसे आहेत, धुराच्या गाडीला नाहीत. आमच्या चौकातल्या पुतळ्याची चोच पण तुटलीय.

उघाडी
डच पद्धत? हसू आलं. आमच्या आजाच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीत, काय होतं मग? बांधात लाकडी उघाडी. भरतीच्या दाबानं फळी मिटायची, ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडायची. सिडको इथे यायच्या कितीतरी आधीपासून. फरक एवढाच की तेव्हा पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर जायचा, चिखलाचे गोळे हातोहात. न येणाऱ्याला दंड. बांधाला खांड पडून खारं पाणी शिरलं तर मीठ उतरेपर्यंत दोन-तीन वर्षं भात नाही, म्हणून कुणी चुकवायचं नाही. तुम्ही आमचे बांध मोडून सेक्टर केलेत आणि आता आम्हालाच पाणी कसं वाहतं ते शिकवताय.

पाचवा_मजला
आलं, आलं, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्के प्लॉट आलेच! प्लॉट घेतलेत, विकलेत, आता इतिहास. तुमच्या गावठाणात नाल्यावर स्लॅब टाकून चार-चार मजले चढवलेत, त्या पाण्याचं काय? माझ्या मेव्हण्याने तिथे फ्लॅट घेतला. ओसी नाही, नळ नाही, दिवसाआड टँकर.

उघाडी
साडेबारा टक्क्यांचा शब्द तुम्ही काढलात, मी नाही. काढलाच आहे तर ऐका. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ जासई-दास्तान फाट्याला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा ते मिळाले. आमच्यातले काही प्लॉट विकून गाड्या घेऊन फिरले, खरं आहे, माझा चुलताच आहे. पण घरात पोरं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, मग घर वर नाही जाणार तर कुठे जाणार? आणि मेव्हण्याने कागद न बघता घर घेतलं हा पण आमचा दोष?

पाचवा_मजला
नाल्यावरच्या स्लॅबचं उत्तर दिलंच नाहीत.

उघाडी
नाल्यावर स्लॅब चूकच. झालं समाधान? आता तुमच्या सोसायटीनं पावसाच्या गटारावर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग केलंय का ते बघून या.

तळमजला
धागा धारण तलावाचा आहे हो. आमच्या इथेही पेव्हर ब्लॉक आहेत, मीच मत दिलं होतं त्याला. ते जाऊ दे.

खाडीवेडी
उघाडीदादा, एक खरं सांगा. बांधाबाहेरची तिवरं तुम्ही ठेवायचात ना?

उघाडी
बाहेरची ठेवायचो, बांधाला आडोसा. आत उगवलं की हाताएवढं व्हायच्या आधी उपटायचो. सरपणाला जायचं.

तळमजला
घ्या! आतलं उपटायचं! मी सकाळपासून हेच सांगतोय.

खाडीवेडी
"हाताएवढं व्हायच्या आधी" हे सोयीस्करपणे वगळलंत. आता ती दोन माणसं उंच आहेत. आणि नवी झडप बसली की भरती बंद, म्हणजे कुऱ्हाड न लावता वाळवायची. अगदी नेरूळसारखं. वा!

तळमजला
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. ठीक. सगळी नकोत. नाल्याच्या तोंडापासून झडपेपर्यंत पाट मोकळा करा, त्यातला गाळ काढा. कडेची राहू द्या. झडपेतून थोडी भरती आत घेता येते का ते इंजिनिअरना ठरवू द्या. पण माझ्या मोरीतून नको.

खाडीवेडी
पाटाएवढीच. एक फूट जास्त नाही. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोकलेन आला तर मी पुढ्यात बसेन. अर्जावर सही करेन, पण आनंदाने नाही.

पाचवा_मजला
सही करून फाइल कुठे जाणार ते सांगतो. कपाटात.

उघाडी
अमावास्येला दुपारी साडेबाराच्या सुमाराला भरती. तेव्हा तलावाच्या तोंडाशी या, पाणी कुठून शिरतं ते दाखवतो. सहाच्या पुढे ओहोटीला परत या, कुठे अडतं ते पण दिसेल. गमबूट आणा, मोबाईल घरी ठेवा. मेव्हण्याला पण आणा.

सेक्टर_आठ
आणि डास?