मदत हवी आहे: प्लेटिंगच्या पाण्यातलं निकेल ३ च्या खाली येतच नाहीये

नमस्कार मंडळी, साकीनाक्याला काकांचा निकेल-क्रोम प्लेटिंगचा गाळा आहे, सहा महिने झाले ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) मीच बघतोय. क्रोमचं जमलंय, ॲसिडने पीएच २.५ ला आणतो मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतो, पिवळं पाणी हिरवं झालं की कळतं विषारी हेक्सा क्रोमियमचं कमी विषारी ट्राय क्रोमियम झालं, मग चुन्याने ८.५ करतो आणि गाळ खाली बसतो. हेक्सा लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत येतं.

निकेलची मर्यादा मात्र लिटरला ३ मिलिग्रॅम आणि आमचं लागोपाठ दोन वेळा ७ च्या आसपास आलंय. पाणी दिसायला एकदम स्वच्छ, म्हणूनच जास्त भीती वाटते, कारण आमचा नाला पुढे मिठी नदीलाच मिळतो.

निकेलला १० च्या वर पीएच लागतो असं वाचलं म्हणून कॉस्टिक सोड्याने १०.५ केला, तर निकेल उतरलं पण टोटल क्रोम २ च्या मर्यादेवर गेलं! टाकी एकच आहे. काय करू? प्लीज सांगा, काकांना झोप लागत नाहीये.

प्रतिसाद: क्रोमचा गाळ जास्त पीएचला परत विरघळतो, तेच झालंय. १०.५ ला निकेल खाली आलं म्हणजे अमोनिया-सायट्रेटसारख्या रसायनांनी ते पाण्यात विरघळलेलं धरून ठेवलेलं नाहीये, ही चांगली गोष्ट आहे. क्रोम ८.५ लाच बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या टाकीत घ्या आणि तिथे १०.५ करा. तो गाळ गाळून झाल्यावरच पीएच ९ च्या खाली आणा, आधी आणलात तर निकेल परत पाण्यात जाईल. जमलं तर निकेल आणि क्रोमचे दोन्ही रिन्स (माल धुतलेलं पाणी) सुरुवातीपासूनच वेगळे धरा. आणि सायनाइड कॉपर करता का? ते पाणी चुकूनही ॲसिडच्या टाकीत जाऊ देऊ नका, जो गॅस होतो त्याने माणूस जागीच जातो.

धागाकर्ता: नाही दादा, आमच्याकडे ॲसिड कॉपर आहे. खूप आभार! दुसरी टाकी ठेवायला जागा नाही पण २०० लिटरचा ड्रम मावेल, उद्या त्यात ट्रायल घेतो. दोन्ही गाळ वेगळे ठेवायचे का?

प्रतिसाद: दोन्ही घातक कचराच, तळोज्याच्या घातक कचरा केंद्रालाच पाठवायचे. पण पोती वेगळी भरा, पावसाचं पाणी लागू देऊ नका.

धागाकर्ता: ओके. लॅबचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.