मर्सिडीज ई २२० मध्ये ३.२ लिटरचं इंजिन टाकलंय का कोणी?

घाटवाट_१२
नमस्कार मंडळी. बाबांची १९९६ ची ई २२० आहे, डब्ल्यू १२४ बॉडीची, आपल्या पिंपरीत जोडलेली, मॅन्युअल. बॉडी टकाटक, गंज नाही, पण इंजिनात दम नाही. परवा साताऱ्याला जाताना खंबाटकीला चौघं बसलेलो, एसी चालू, आणि मागून एक वॅगन आर डिपर मारत निघून गेली, बाबा काही बोलले नाहीत, फक्त गुपचूप एसी बंद केला. एक गॅरेजवाला म्हणतोय ई ३२० चं हाफ कट (कापलेल्या गाडीचा इंजिनासकट पुढचा भाग) मिळतंय, सहा सिलेंडरचं एम १०४ इंजिन, चार बोल्टचं काम, आठ दिवसांत गाडी देतो. १५० एचपीचे सरळ २२० होतील. करावं का?

स्पॅनरकाका
चार बोल्ट म्हणाला ना, मग बाकीचे चारशे कुठे लावणार ते पण विचार त्याला. इंजिन बसतं रे, कंपनीनेच त्याच बॉडीत घालून विकलंय, प्रश्न इंजिनाचा नाहीच, त्याच्या वऱ्हाडाचा आहे. दोन सिलेंडर जास्त म्हणजे इंजिन लांब, मग रेडिएटर आणि फॅन त्याचाच हवा, माउंटिंग, एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं त्याचं. टॉर्क, म्हणजे खेच, २१० वरून ३१० न्यूटन मीटर, तुझा क्लच किती दिवस टिकणार? ब्रेक वेगळेच.
मित्राच्या गाडीत केलंय मी. इंजिन दोन दिवसांत खाली उतरवलं, गाडी रस्त्यावर यायला सात महिने गेले. नाक खाली बसलं म्हणून स्प्रिंगवरचे रबर पॅड बदलले (त्यावर एक ते चार ठिपके असतात, जास्त ठिपके तेवढा जाड), तरी सरळ होईना, शेवटी स्प्रिंगाच बदलल्या. आणि सगळ्यात वैताग वायरिंग. त्या काळातल्या मर्सिडीजच्या इंजिन हार्नेसचं (वायरींच्या जुडग्याचं) इन्सुलेशन लसणाच्या सालासारखं हातात येतं. हाफ कटमधलं हार्नेस पण त्याच वयाचं असणार, मग गाडी कधी मिसफायर करते कधी चालूच होत नाही आणि तू सेन्सर बदलत बसतोस.

आरसीबुक
आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. खराब झालं म्हणून तसंच दुसरं इंजिन बसवायला परवानगी मिळते, पण चारच्या जागी सहा सिलेंडर हे वेगळं प्रकरण. इंजिन नंबर आरसीवर असतो. उद्या कुठे ठोकली तर इन्शुरन्सवाला आधी तोच बघेल.

बोनेटउघडा
विषय निघालाच आहे तर, याच बॉडीत कंपनीने ५ लिटरचं आठ सिलेंडरचं व्ही ८ इंजिन पण घातलेलं, गाडीचं नाव ५०० ई, ३२६ एचपी. मडगार्ड इतके रुंद झाले की मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन कारखान्याच्या लाइनवर गाडी मावेना, म्हणून जोडणी पोर्शकडे श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनला, रंगाला परत मर्सिडीजकडे, मग पुन्हा पोर्शकडे. एक गाडी व्हायला १८ दिवस. तुझा गॅरेजवाला आठ दिवसांत देतोय, त्याला श्टुटगार्टला पाठवा रे कोणीतरी 😄

स्पॅनरकाका
😂 बरं घाटवाट, चेष्टा सोड. आधी तुझे १५० तरी पूर्ण येतायत का ते बघ. इंजिन बंद ठेवून कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांग, एअर फिल्टरकडचा पाइप काढून थ्रॉटलची पाकळी (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडते का बघ. नसेल उघडत तर केबल किंवा पेडल. मग कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), मग कॅट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) चोक झालाय का.

घाटवाट_१२
काका, लाज वाटतेय सांगायला. भावाला पेडल दाबायला बसवला, पाकळी पाऊणच उघडत होती. खाली वाकून बघितलं तर कंपनीचं कार्पेट, त्यावर बाबांचं जुनं रबरी मॅट, त्यावर मी दिवाळीत घातलेलं जाड मॅट, पेडल त्यावरच टेकत होतं. दोन्ही काढली. काल परत खंबाटकी, एसी चालू ठेवून, तिसऱ्यात मस्त खेचली. वॅगन आर काही भेटली नाही.
हाफ कटवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. हार्नेस मात्र उघडून बघितलं, लसणाचं सालच आहे. पुण्यात नवं चांगलं कोण करून देतं?