सर्किट आणि सायकल: फरक पक्का कसा बसेल?

धागाकर्ती:
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्राफ थिअरीतल्या (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, म्हणजे कडा, यांचं गणित) सर्किट आणि सायकल या दोन्ही व्याख्या पाठ आहेत, पण आकृती समोर आली की अडखळते. दोन्ही जिथून निघतात तिथेच परत येतात, मग वेगळं काय? हातानं करून बघण्यासारखं काही सुचवा.

पाटीपेन्सिल:
एक टोक सामाईक असलेले दोन त्रिकोण काढ. पहिला क-ख-ग, दुसरा ग-घ-च. आता क-ख-ग-घ-च-ग-क असं फीर. सहाही कडांवरून एकेकदाच गेलीस, म्हणून हे सर्किट. पण ग दोनदा लागला, म्हणून सायकल नाही. नुसतं क-ख-ग-क घेतलंस तर सायकल. सर्किटमध्ये कड पुन्हा चालत नाही, सायकलमध्ये बिंदूही पुन्हा चालत नाही (सुरुवातीचा सोडून). त्यामुळे प्रत्येक सायकल हे सर्किट असतंच.
आणि एक सवय लाव: सर्किट दिसलं की बिंदू पुन्हा येतो तिथे तोडायचं. शेवटी हाती सायकलीच उरतात.

जुना मास्तर:
वरचं उदाहरण उत्तम. एक सावधगिरी बाळग, बेटा. काही पुस्तकं आपण जिला सायकल म्हणतो तिलाच सर्किट म्हणतात. परीक्षेआधी तुमच्या पुस्तकातली व्याख्या बघून घे, नाहीतर बरोबर उत्तराचे गुण जातात.
मग क्योनिग्सबर्ग शहरातल्या ७ पुलांचं कोडं सोडव, उत्तर न बघता: प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन निघालो तिथे परत यायचं. प्रेगेल नदीमुळे जमिनीचे ४ तुकडे झालेले, त्यांना जोडणारे पूल अनुक्रमे ५, ३, ३, ३. तुकडे म्हणजे बिंदू, पूल म्हणजे कडा. सगळ्या कडा घेणाऱ्या सर्किटमध्ये बिंदूवर येणाऱ्या प्रत्येक कडेला बाहेर नेणारी दुसरी कड लागते, म्हणून डिग्री (बिंदूला लागणाऱ्या कडांची संख्या) सम हवी. इथे चारही विषम, म्हणून जमतच नाही! गणिती ऑयलरनं हे १७३५ मध्ये मांडलं. पण सगळ्या डिग्री सम आणि ग्राफ जोडलेला असला की सगळ्या कडा घेणारं सर्किट मिळतंच, याची सिद्धता गणिती हिअरहोल्त्सरच्या नावावर १८७३ मध्ये छापून आली, त्याच्या मृत्यूनंतर. तिच्यात छोटी सर्किटं सामाईक बिंदूवर एकमेकांत शिवत नेतात. वर तोडायला सांगितलंय, त्याच्या बरोबर उलट. मला स्वतःला हा विषय तिथे उमगला.

धागाकर्ती:
सर, लहानपणी पेन न उचलता उघडं पाकीट (चौकोन, आत फुली, वर त्रिकोण) काढायचो ना, ते तपासलं! खालचे दोन कोपरे ३-३, वरचे ४-४, टोक २. म्हणून खालच्या एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्यातच संपायचं. ते सर्किट नव्हतंच. खालच्या कोपऱ्यांमध्ये आणखी एक वक्र रेघ जोडली, आता होतंय!

पाटीपेन्सिल:
शाब्बास. त्याच आकृतीत पाचही बिंदूंना एकेकदाच लागणारी सायकल सापडते का बघ.

धागाकर्ती:
बाहेरची किनार! तळ, दोन्ही बाजू आणि वरचा त्रिकोण. फुल्या लागतच नाहीत.