मदत हवी आहे: सापेरावी समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, इथे वाईनमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या तिबिलिसीला आहोत, आणि जॉर्जियाची रेड वाईन म्हटलं की जो तो सापेरावीच पुढे करतो. मला हे द्राक्ष मनापासून आवडलंय, पण एकाच द्राक्षाच्या तीन वाईन प्यायले आणि तिन्ही एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. मुकुझानी एकदम ड्राय (म्हणजे गोडवा नसलेली), ओकच्या लाकडाचा वास, तोंड आवळणारी. किंडझ्मराउली चक्क गोडसर, घरी सगळ्यांना तीच आवडली. आणि काखेती भागात एका घरी क्वेव्रीतली चाखली (जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा मोठा रांजण, आतून मधमाश्यांचं मेण लावलेलं), ती या दोन्हींपेक्षा दाट आणि मातकट. आता यात द्राक्षाची स्वतःची चव कुठली आणि करणाऱ्याच्या हाताची कुठली हे मला ओळखता यायला हवंय.

तिथेच रत्वेलीच्या म्हणजे द्राक्षतोडणीच्या गडबडीत एक घोस हातात मिळाला, मणी फोडला तर आतला गर पण लालच. रेड वाईनच्या बहुतेक द्राक्षांचा गर फिकट असतो आणि रंग सालीतून येतो एवढं वाचून माहीत होतं, त्यामुळे बघतच राहिले, बोटं जांभळं खाल्ल्यासारखी झाली आणि चव आधी गोड नि लगेच मागून सणसणीत आंबट. तो आंबटपणा मुकुझानीत सापडला पण किंडझ्मराउलीत अजिबात नाही, तिथेच गाडी अडलीय.

तर कुठली आधी प्यावी, किती थंड करावी, बरोबर खायला काय, आणि सिघनाघीच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या बाटल्यांतून घरची वाईन विकतात ती घ्यावी का? ख्वांचकारा नावाची वाईन पण यातच धरायची का? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, तो आंबटपणाच धरून चला, सापेरावीची खरी ओळख तीच आहे. आधी स्टीलच्या टाकीत केलेली साधी ड्राय सापेरावी घ्या, दुकानदाराला ओक नको म्हणून स्पष्ट सांगा. त्यात काळी चेरी, ब्लॅकबेरी आणि आंबटपणा, सगळं उघडं कळतं. मग मुकुझानी, ती अलाझानी नदीच्या उजव्या काठावरची, गुर्जानी भागातली, द्राक्ष तेच पण ओकच्या पिंपात मुरवलेलं, त्यामुळे जे जास्तीचं लागेल ते लाकडाचं समजा. नंतर क्वेव्री, तिथे रस सालीबियांसकट आंबतो, म्हणून टॅनिन (तोंड आवळणारा तुरटपणा) दणदणीत पण लाकडाचा वास सहसा नाही.

किंडझ्मराउली अगदी शेवटी. तीत आंबटपणा गेलेला नाही, झाकला गेलाय. वाईन आंबत असतानाच थंड करून ती क्रिया मध्येच थांबवतात, त्यामुळे द्राक्षातली थोडी साखर तशीच शिल्लक राहते. घोट गिळल्यावर जरा थांबा, गोडवा ओसरला की जिभेच्या कडांना पाणी सुटेल, तो तुमच्या मण्यातलाच आंबटपणा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. ख्वांचकारा मात्र यात धरू नका, ती पण गोडसर असते म्हणून घोळ होतो, पण ती राचा भागातली, अलेक्सांद्रौली आणि मुजुरेतुली या द्राक्षांची. रस्त्यावरची प्लास्टिकच्या बाटलीतली शिकायला नको, चांगली निघेलही पण कुठलं द्राक्ष, कधीची, कशात भरून ठेवलेली, काहीच कळत नाही. त्यापेक्षा एखाद्या मारानीत (जिथे वाईन करतात आणि साठवतात तिथे) जाऊन समोर ओतून घ्या आणि करणाऱ्यालाच विचारा, लोक फार प्रेमाने सांगतात. ड्राय असेल तर १६ ते १८ अंश, किंडझ्मराउली त्याहून बरीच थंड. आणि म्त्स्वादीबरोबर प्याच, निखाऱ्यावरच्या मांसाची चरबी आणि हा आंबटपणा यांचं फार छान जमतं.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार, झाकला गेलाय हे वाचून एकदम डोक्यात प्रकाश पडला. रविवारी म्त्स्वादी करतोय, ओक नसलेली आणि मुकुझानी शेजारी शेजारी ठेवून पिणार. मुकुझानी किती आधी उघडू?

प्रतिसाद १

तासभर तरी आधी, आणि नुसतं बूच काढून ठेवू नका, जगमध्ये ओतून ठेवा. ओक नसलेली आयत्या वेळी उघडली तरी चालेल.