उन्हाळी सुट्टीतली शाळेची खिचडी: तुमचे अनुभव लिहा

खडूचीधूळ
लेकीने आज जेवताना ताटावर चमचा बडवला आणि एकदम 2016 चा मे आठवला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते वर्ष. तालुका दुष्काळी, म्हणून सुट्टीतही शाळेत खिचडी शिजवायची. आम्ही मास्तर-बाई जाम वैतागलो (माझ्या तर भावाचं लग्न होतं). पहिल्या दिवशी अकरा पोरं. आठवड्याने चाळीसेक, त्यात कडेवरची भावंडं. पटावर नाहीत त्यांना द्यायचं का? स्वयंपाकी मावशींनी मला विचारलंच नाही, सरळ डावाने वाढायला लागल्या. एक पोरगी अर्धी खिचडी खायची, उरलेल्यावर दुसरं ताट पालथं घालून घरी न्यायची. "आज्जीला." आता हे रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? तुम्हीही लिहा.

हिशेबनीस
पाचवीपर्यंत 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150. आज्जीला रकाना नाही 😀 पण पाण्याचं काय केलंत? आमच्याकडे तांदूळ होता, शिजवायला पाणी नव्हतं.

खडूचीधूळ
टँकर दिवसाआड. खाडा पडला की पोरं घरून बाटली आणायची, अर्धी पातेल्यात, अर्धी प्यायला.

बुडाचीखरवड
मी खाणाऱ्यातला. नाव बघा माझं! खरवडीवरून मारामाऱ्या व्हायच्या. दुष्काळ वगैरे काही कळत नव्हतं, शाळा आहे पण अभ्यास नाही म्हणून खूश. आईबाप ऊसतोडीवरून आलेले, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही. आई म्हणायची, एका वेळचं तरी सुटलं.

जुनंखोड
72 च्या दुष्काळात आम्हाला सुकडी, दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ. आई खडी फोडायला, आम्ही तिथेच. आणि ती मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी! भाकरी थापताना तुटायची, आजी अमेरिकेला शिव्या घालायची.

दुपारचीडुलकी
विषयांतर होतंय, पण खिचडीत मटकी भिजवून घालायची की तशीच? आमच्याकडे कच्ची राहते.

बुडाचीखरवड
आमच्याकडे दाताने शिजवायचो.

खडूचीधूळ
रात्री भिजत घाला. चव रजिस्टरवर सही करायला मला रोज एक घास खावा लागायचा, अनुभवाचे बोल आहेत.

कायद्याचंबोला
उपकार नव्हते हं ते. 20 एप्रिल 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, दुष्काळी भागात सुट्टीतही शिजवलेलं जेवण द्यायचं.

ओढ्यापल्याड
आणि दुष्काळी यादीत नसलेल्या तालुक्यांचं? तालुक्यांची हद्द आमच्या ओढ्यावर. पलीकडच्या शाळेत खिचडी, आमच्या शाळेला कुलूप. आमची पोरं ताटं घेऊन ओढ्यातून पलीकडे. पाय कुठे भिजणार, ओढाच कोरडा. तिथल्या बाईंनी एकदाही गाव विचारलं नाही. पट तपासायला साहेब आले त्या दिवशी मात्र आम्ही बाभळीखाली बसून राहिलो, जीप जाईपर्यंत. मग गार खिचडी.

हिशेबनीस
🙏 त्या बाईंनी हिशेब कसा जुळवला असेल, मला विचारा. नको, विचारू नका.

दुपारचीडुलकी
भिजत घातली मटकी. @खडूचीधूळ, भावाचं लग्न गाठलंत का?

खडूचीधूळ
अक्षता पडून गेल्या होत्या. जेवणं चालू होती. मसालेभात होता, जाईना घशाखाली.