गणपतीत गोंगाटापासून लांब, फुलांकडे : तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. आमचं घर पुण्यात पेठेत, मिरवणुकीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. लहानपणी मला खिडकीतून ओढून आत न्यावं लागायचं, पण आता डीजेचा बेस सुरू झाला की शोकेसमधल्या काचेच्या बश्या किणकिणायला लागतात, आणि विसर्जनाची मिरवणूक तर दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. म्हणून घरचा दीड दिवसाचा बाप्पा पोचवला की मधला एखादा वार बघून आम्ही थेट साताऱ्याजवळचं कास पठार गाठतो. शनिवार-रविवारी चुकूनही जाऊ नका, २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून तिथेही जत्राच असते.

पहिल्या वर्षी मला वाटलं, फुलांचा गालिचा बघायचा, फोटो काढायचे, परत. गाईडदादांनी गुडघ्यावर बसायला लावलं. सीतेची आसवं! नखाएवढं जांभळं फूल, धुक्यानं ओलं झालेलं, आणि इतकं नाजूक दिसणारं हे झाड चक्क किडे खातं. ओल्या मातीत त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, इवलासा जीव जवळ आला की आत ओढला जातो. कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यात पोषण काहीच नाही, मग करणार काय बिचारं. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती होती, तिचा कारभार वेगळा, चिकट थेंबांवर माशी अडकवायची. मुलगा पंधरा मिनिटं तिथून हलला नाही, घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही!



आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे फुलांसाठी कुठे जायचं हा प्रश्नच नाही, घरामागे सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे. पण ताई, एक सांगू का, तुम्ही गणपतीपासून पळून ज्या तेरड्याकडे जाता ना, आमच्याकडे तोच तेरडा गौर म्हणून घरात येतो. आजी मुळासकट उपटायला लावायची, मुळं म्हणजे गौरीची पावलं, ती तुटली की ओरडा ठरलेला. ओहोळात माती धुवायची, सुपात ठेवून आणायची, वाटेत मागे बघायचं नाही. मुंबईला नोकरीला आलो आणि स्पीकरच्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की गणपती एवढा मोठ्यानं पण असतो. आता पाच दिवस रजा, रात्रीची गाडी, तिकीट मिळालं नाही तर एसटी.



सगळ्यांना सुट्टी मिळत नाही हो. मी पहाटे पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर जातो, बस. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, गवतात आभाळीची निळी-जांभळी फुलं, अजून काय पाहिजे. खाली ढोल वाजत असतो तो वरपर्यंत ऐकू येतो, पण लांबून बरा वाटतो.



कासला आमच्या पुढच्या ग्रुपनं ब्लूटूथ स्पीकर आणला होता. गाणं तेच, जे आदल्या रात्री आमच्या गल्लीत वाजत होतं. यावर अजून काही लिहीत नाही.



सगळे शिव्या घालणार माहितीये, पण मी पथकात ताशा वाजवतो, आठ वर्षं झाली. मला आवडतं, सोडणार नाही. (डीजेबद्दल मात्र तुमच्याच बाजूचा आहे.) गेल्या वर्षी विसर्जनानंतर कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती, बायको म्हणाली चल. साताऱ्यापासून पुढे घाटात मी गाडीत झोपलेलो, पठारावर उतरलो तर शिट्टी होतीच, पण बाकी काहीच नाही, फक्त वारा. पिवळ्या कवळ्याच्या पाकळीवर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून त्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, ते बायको दाखवत होती. मी हां हां म्हणत होतो, बोटं मात्र मांडीवर ताशाच वाजवत होती. तिनं हात धरून ठेवला.